मोगरी, चांदी आणि आईची पेज

आमची मोगरी कालवड आईच्या पेजेमुळे नासली, असं आमच्या घरात आजवर सांगितलं जातं. ते खरं नाही. आई आता नाही, मोगरी तर नाहीच, आणि मीही फार दिवस पुरेन असं दिसत नाही. म्हणून हे लिहून ठेवतो.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. नागपुरात शेतकीचं शिक्षण घेऊन मी दवनीवाड्याला परतलो तो गाव सुधारायच्या बेतानं. (गावानं तशी मागणी केलेली नव्हती.) आमच्याकडे दुभत्या गाईला ढेप, म्हणजे तेलबियांची पेंड, मिळे आणि कालवडीला नुसतं तणस, म्हणजे धानाचा वाळला पेंढा. जी दूध देत नाही तिचे लाड कशाला? मी सांगितलं, कालवडीला आधीपासून नीट चारलं तर ती वेळेवर गाभण राहते. लोक हसले. मग मी प्रयोगच मांडला. गोठ्यात बरोबरीच्या दोन कालवडी होत्या. चांदीला मोजून ढेप, कोंडा, हिरवा चारा. मोगरीला गावच्या रीतीप्रमाणे तणस.

अडचण एवढीच, की मोगरी माझ्या धाकट्या बहिणीची होती. भिमाचं लग्न फुलचूरला ठरलं होतं आणि आंदण म्हणून मोगरी तिच्यासोबत सासरी जायची होती.

"भाऊ, माहीच काऊन उपाशी?" भिमानं विचारलं.

"शास्त्रात तुझं-माझं नसतं," मी म्हणालो.

आई चुलीपाशी होती. "एका पंगतीत एकीले वाढाचं न् दुसरीले नाही? पंक्तिप्रपंच होय हा. पाप लागते."

"माय, ही पंगत नाही, प्रयोग आहे."

"जो उपाशी हाय त्याले दोन्ही सारखेच, बापू."

बाबा काही बोलले नाहीत. बाबा बोलले नाहीत की आम्ही त्याला संमती धरत असू. फार मोठी चूक.

पुढच्या महिन्यांत एक विलक्षण गोष्ट घडली. चांदी शास्त्राप्रमाणे हळूहळू वाढली. मोगरी मात्र तणसावर फुगत चालली. तिची कातडी चकाकू लागली. मानेला वळ्या पडल्या. गोठ्याच्या दारातून तिला तिरकी काढावी लागे.

लग्नाच्या आधी शेतकी खात्याचे एक साहेब प्रयोग बघायला आले. निम्मं गाव मागे उभं. त्यांनी फीत काढून दोघींच्या छातीचा घेर मोजला. मोगरीचा चांगला वीतभर जास्त भरला.

"ही निव्वळ तणसावर?" साहेब.

मी आईकडे पाहिलं. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा आढ्याकडे बघत होते. भिमा घरात निघून गेली.

"निव्वळ तणसावर," मी म्हणालो.

साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्या दिवसापासून गावानं कालवडींना कधीमधी मिळणारा मूठभर कोंडाही बंद केला आणि मला तणससाहेब म्हणायला सुरुवात केली.

मोगरी थाटात फुलचूरला गेली. पुढच्या वर्षी इकडे चांदी गाभण राहिली. तिकडे मोगरी खाई, झोपे आणि आणखी रुंद होई. भिमा दिवाळीला माहेरी आली ती उतरल्या तोंडानं.

"सासू म्हणते, भावानं वांझ जनावर गळ्यात बांधलं. आता मलेही तशाच नजरेनं पाहून राहिली." ती माझ्याकडे वळली. "भाऊ, खरं सांग. काय चारलं होतं तिले?"

"तणस," मी म्हणालो.

आई चुलीपासून उठून पुढे आली. "मी पेज देत होती रे. सकाळ-संध्याकाळ. घमेलंभर."

"ढेप म्या देल्ली," बाबा आढ्याला म्हणाले.

भिमा रडू लागली. "कोंडा मी घालत होती."

प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एवढ्याशानं काय होणार. घरच्या तिघांच्या पाहुणचारानं कालवड चरबीखाली दबून गेली होती, म्हणून गाभण राहत नव्हती. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जितका गंभीर चेहरा करता येईल तितका केला. "माझ्या प्रयोगाची माती केली तुम्ही," असं म्हणून बाहेर निघून गेलो. आईनं त्याच दिवशी सगळा दोष पदरात घेतला, आणि तो मरेपर्यंत सोडला नाही.

भिमाच्या सासऱ्यांनी मोगरीचा खुराक तोडून तिला रोज रानात पिटाळलं. ती झडली आणि उशिरा का होईना, व्याली. सासूचं तोंड बंद झालं. पण मधले ते दिवस भिमानं काढले, मी नाही.

परवा भिमा आली होती. आता तिलाही नीट दिसत नाही. म्हटलं, सांगून टाकावं. "भिमे, मोगरीला मीही चारत होतो. रोज पहाटे ओंजळभर मोहफुलं. तू विचारलंस ना, माहीच काऊन उपाशी, त्या दिवसापासून."

"मालूम हाय," ती म्हणाली. "कोंडा घालाले जाऊ त मोहाचा वास ये तिच्या तोंडाले."

"मग तेव्हा बोलली कायले नाहीस?"

"तू सायब होतास न, भाऊ. माय त काय, माय होती."

 

तर नोंद अशी करावी: आमच्या घरात प्रयोगाचे नियम शेवटपर्यंत पाळणारा एकच जीव होता. चांदी. जेवढं दिलं तेवढंच तिनं खाल्लं, वेळेवर व्याली, आणि साहेबांसमोर ती एक अक्षरही खोटं बोलली नाही. नागपूरला माझ्याऐवजी तिलाच पाठवायला हवं होतं.