नुकसानभाऊंचा डबा
नुकसानभाऊंइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिला नाही. फाईल सहीला आली की कपाळावर घाम. पेन उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे आणि विचारायचे, "बाई, यात नुकसान कोनाचं?" त्यावरूनच हे नाव पडलं. भामरागडकडच्या आमच्या आरोग्य कार्यालयात ते खरेदीचे मोठे बाबू, मी त्यांच्या हाताखाली.

त्यांच्या खणात तांदळाचा एक डबा असे. मच्छरदाण्यांचा गठ्ठा आला की त्यातली एक उपसून ते पेरूच्या झाडाला टांगायचे, आत मूठभर तांदूळ टाकून हलवायचे. दाणा खाली पडला की माल परत! आम्ही पोट धरून हसायचो. एकदा मी चिडवलं, "भाऊ, हे तांदळाचं कोणत्या नियमात लिहिलंय?" ते हसले नाहीत. "नियमात नाई, म्हनून तं भेव वाट्टे," म्हणाले. मला काही कळलं नाही.

मग माझ्यावर वेळ आली. पावसाळा तोंडावर होता. नदी पुलावर चढली की आमचा रस्ता बंद. मच्छरदाण्यांसाठी तीन दुकानदारांची दरपत्रकं हवीत, आली दोनच. भाऊ रजेवर. तिसऱ्याची वाट न पाहता मी मागणी देऊन टाकली. माल चांगला निघाला, पुराच्या आत गावोगाव पोचलाही. आणि चौकशी लागली. घरात कमावती मी एकटी. नोकरी जाते की काय, हीच धास्ती.

चौकशीचे साहेब आले. "नियम मोडला की नाही?" मी मान खाली घातली. तेवढ्यात भाऊ कपाळ पुसत उठले.

"मोडला, साहेब. लिवा तुमी. पन नुकसान कोनाचं झालं, तेही लिवा ना."

"त्याचा इथं काय संबंध?"

भाऊंनी कपाटातून एक जुनी फाईल आणून पुढं ठेवली. "मंग हे पाहा. दरपत्रकं तीन, शिक्के बरोबर, सही माही. जाळी इतकी मोठी का मच्छर आरामात आत. त्या पावसात दोन लेकरं तापानं गेली. तवापासून हा तांदळाचा डबा. मले कोनी काऊन नाई विचारलं?"

त्या फाईलकडे कधी कोणी पाहिलं नसतं. भाऊंच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते.

मला लेखी ताकीद मिळाली, सुटले. चौकशी भाऊंच्या मागं लागली. निरोपाचा हार नाही, नारळ नाही. ते नागभीडच्या बाजूला आपल्या गावी गेले. जाताना डबा माझ्या खणात ठेवला. "मी लय भित्रा मानूस, बाई. तुमीही भीत जा."

आता त्या खुर्चीत मी आहे. आज सकाळी फाईल आली. तीन दरपत्रकं, शिक्के जागच्या जागी, वरून फोन, "लवकर सही करा." इतके चोख कागद पाहून मी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सोबत आलेली नमुन्याची मच्छरदाणी पेरूला टांगली, तांदूळ टाकून हलवली. दाणे माझ्या पायावर पडायला लागले.

सही केलेली नाही. फोन पुन्हा वाजतोय. भाऊ, मी फार भ्यायले आहे हो.