तारखेचा चहा

मच्छिंद्र चहाला आला की तळेगावातल्या आमच्या आळीत बाया आधी पैशांचा डबा काढायच्या आणि मग चहाचं आधण ठेवायच्या. असं का, हे मला बरेच दिवस कळेना, आणि कळल्याशिवाय चैनही पडेना. माझी सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. कोण कुठं चढला, कुठं उतरला आणि कशाला, हे बघायची खोड रिटायर झालं म्हणून जात नाही.

मच्छिंद्र माझा शेजारी, शिक्रापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. आळीत पगाराची स्लिप असलेला तो एकटाच, म्हणून बँकांनी दोन-तीन क्रेडिट कार्डं त्याच्या गळ्यात मारली होती. आणि आळीनं ती आपलीच समजून वापरायला घेतली. हौशीरामला फवारणीचा पंप हवा, कार्ड मच्छिंद्रचं. कुणाला कडबाकुट्टी हवी, कार्ड मच्छिंद्रचं. हप्ते पाडून वस्तू घरात यायची, ज्यानं त्यानं आपला हप्ता आणून द्यायचा. मच्छिंद्र वरचा एक रुपया घ्यायचा नाही.

"येडा का खुळा रं तू?" मी त्याला एकदा तोंडावर विचारलं.

"आबा, सावड हाय ही. तुमचं बैल माझ्या रानात, माझा गडी तुमच्या रानात. तसं कार्डाचं."

आता सावडीत कुणी कुणाला तारीख विचारत नाही. 'माझ्याकडं कधी येतोस' असं तोंड उघडून म्हणणं म्हणजे हलकेपणा. पण बँक काही सावडीतली नव्हे. तारीख चुकली की दंड, वर व्याज, आणि पुढंमागं घराचं कर्ज मागायला गेलं की तोंड फिरवणार. म्हणून मच्छिंद्रनं मोबाईलवर हिशेबाचं ॲप घेतलं होतं. मला ते बघायचा भारी नाद लागला. कुठल्या कार्डाचं बिल कधी निघतं, भरायची शेवटची तारीख कोणती, त्यात हौशीरामचे किती आणि साखरबाईचे किती, सगळं त्यात मांडलेलं. तारीख जवळ आली की ती ओळ पिवळी व्हायची, अगदी टेकली की लाल. नवी वस्तू घेताना तो पहिला प्रश्न विचारायचा, "डेअरीचा पगार कवा होतो तुमचा?" दुधाचे पैसे हातात पडल्यावर लगेच ज्या कार्डाची तारीख येते, त्याच कार्डावर त्या घरची वस्तू घ्यायचा.

ओळ पिवळी झाली की तो त्या घरी चहाला जायचा. पाऊसपाणी, कांद्याचा भाव, कुणाची सोयरीक, सगळं बोलायचा आणि पैशाचा शब्द काढायचा नाही. चहा संपेपर्यंत नोटा बशीशेजारी येऊन पडलेल्या असायच्या. मला ही युक्ती इतकी आवडली की काहीही काम नसताना मी त्याच्याबरोबर दोन-चार घरं फिरून आलो. चहा बरा मिळायचा.

मग त्याची पोरगी प्रांजल दहावी पास झाली. तो पेढे घेऊन हौशीरामच्या घरी गेला. हौशीरामची बायको सिंधूबाई त्याला दारात बघूनच कावरीबावरी झाली. "भाऊजी, दोन दिस थांबता का? डेअरीचा पगार न्हाई झाला अजून." मच्छिंद्र हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभाच राहिला.

तो तिथून सरळ माझ्या ओट्यावर आला. "आबा, ह्या आळीत ल्हानाचा मोठा झालो मी. आन् लोकं मला बघून खिसं चाचपत्यात. मला आता कुणाकडं नुसतं म्हणून जाताच यायचं न्हाई का?"

मला खरंच वाईट वाटलं. ज्याच्या जिवावर आळीत पंखे फिरत होते, त्यालाच घरात पाहुणा म्हणून कुणी घेईना.

ॲपमध्ये एक सोय होती. तारखेच्या आधी ज्याचा हप्ता त्याला आपोआप मेसेज जाईल अशी. मच्छिंद्रनं ती आजवर बंद ठेवली होती, माणसाला असा मेसेज धाडणं बरं दिसत नाही म्हणून. आता त्यानं ती चालू केली आणि पारावर सगळ्यांना सांगून टाकलं, "पैसं आता फोन मागंल. मी आलो तर नुसता आलो असं समजा."

"नोटिसा धाडाया लागला व्हय?" असं हौशीराम चार दिवस फुगून म्हणत होता. मग त्यानंही निमूट फोनवरून पैसे पाठवले आणि मेसेजखाली वर केलेल्या अंगठ्याचं चित्र धाडलं.

साखरबाई तिचा मेसेज वाचून घ्यायला माझ्याकडं आली. ही आळीच्या टोकाला राहते. एक म्हैस, एक खोली. मुलगा दौंडला रेल्वेत, दिवाळीला येतो. मी तिला वाचून दाखवलं.

"म्हंजी आता मच्छिंद्र यायचा न्हाई?" तिनं विचारलं.

"कशाला येतोय? हे मेसेजचं बरं, तुझ्या चहाची साखर वाचली," मी म्हणालो.

तिनं पैसे मोजून माझ्याजवळ दिले आणि गेली. आठवडा झाला नसेल, पुन्हा हजर. "आबा, मच्छिंद्रला सांगा, मला मिक्सर घ्यायचा हाय. हप्त्यानं."

मी निरोप दिला. "मागं घेतलेला बिघडला असंल," मच्छिंद्र म्हणाला. बघू तरी काय प्रकार आहे म्हणून त्याच्याबरोबर गेलो. आम्हाला दारात पाहून तिनं कनवटीला हात घातला. "ह्या महिन्याचं दिलं न्हवं का रं?"

"दिलं की मावशी. मिक्सर कसला पायजे ते विचाराय आलो."

"कसला बी आण. हप्ता पडंल असा."

ती पाणी आणायला वळली आणि माझी नजर सवयीनं खाटेखाली गेली. तिथं मिक्सरचं खोकं होतं. त्याच्यामागं इस्त्रीचं, त्याच्यामागं टेबलफॅनचं. तिन्हींवरची चिकटपट्टी जशीच्या तशी. चुलीशेजारी पाट्यावर लसणाची चटणी ताजी वाटलेली दिसत होती. मी मच्छिंद्रला कोपरानं ढोसलं.

"मावशी, आधीचा मिक्सर तर हितंच हाय की. खोकं सुदिक फोडलं न्हाई."

साखरबाई तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. "मला काय करायचाय त्यो? लाइटीला हात लावाया भ्या वाटतं मला. हप्ता असला की तू यायचास. बसायचास, बोलायचास. फॅनचं पैसं फिटाया आलं तवा इस्त्री घेतली, इस्त्री फिटाया आली तवा मिक्सर. आन् आता फोनच पैसं मागतो म्हनं. मग म्हनलं, नवं काय घ्यायचं असलं तर तरी यील."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मच्छिंद्र खाली खोक्यांकडं बघत बसला.

"मिक्सर न्हाई घ्यायचा मावशी," तो म्हणाला. "मी उद्या येतो."

"उद्या कसली तारीख हाय?"

"कसलीच न्हाई."

 तिनं तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि चुलीकडं वळली.

"मग उद्या कशाला? आजच बस. भाकरी टाकते, जेवूनच जा."