अकतीच्या आधीचा आंबा

अंजनीबाईंची हिंदी बाजारातली होती. पंधराव्या वर्षी आर्वीहून लग्न होऊन त्या जबलपूरला आल्या, तेव्हा त्यांना त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. पुढे भाजीवाल्यांनी आणि टांगेवाल्यांनी त्यांना घडवलं. त्यामुळे भाव पाडणं, मापातली खोट काढणं आणि रागारागाने चार पावलं निघून जाणं, एवढं त्या हिंदीत फार देखणं करत. कोणी मायेने ख्यालीखुशाली विचारली, की मात्र त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. त्यांचे यजमान बाबाराव तोफगाड्यांच्या कारखान्यात खरादावर, म्हणजे लेथवर, होते. ते म्हणायचे, “हिला हिंदीत नुसतं भांडता येतं. बाकीचा संसार मराठीत.”

लढाईचं सहावं वर्ष चालू होतं. कारखान्याचा भोंगा झाला, की बाबाराव जे जायचे ते बारा तासांनी परतायचे. साखर रेशनच्या कार्डावर. पण मुलांच्या सुट्ट्यांना कुठली लढाई? त्या लागल्या तशी अमरावतीहून नणंद हेमलता चार मुलं घेऊन येऊन दाखल झाली. घरची तीन धरून सात. सातही जणांच्या तोंडी सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न, आमरस कधी?

आमरस अकतीला. अकती म्हणजे अक्षय्य तृतीया. अंजनीबाईंच्या सासरी नेम असा, की त्या दिवशी पितरांच्या पानात रस वाढल्याशिवाय घरातल्या कोणीही आंब्याला तोंड लावायचं नाही. आणि इथेच त्यांचं दुखणं होतं. गेल्या वर्षी न चाखता आणलेले आंबे आंबट निघाले होते. भरल्या पंगतीत हेमलताने वाटी वर उचलून विचारलं होतं, “वहिनी, हा आमरस आहे, की चिंचेचं सार?” पंगत हसली. तेव्हा डब्यात बरी साखर होती, ती ओतून वेळ मारून नेली. यंदा डब्याचा तळ दिसत होता. अंजनीबाईंनी मनाशी ठरवलं, की साखरेचा कण न घालता गोड रस वाढायचा आणि नणंदेचं तोंड बंद करायचं, तेही रसाने.

अकतीच्या दोन दिवस आधी त्या शेजारच्या इंदूला घेऊन छावणीतल्या सदर बाजाराच्या मागे भरणाऱ्या बाजारात गेल्या. खेड्यापाड्यांतले शेतकरी तिथे आपापला माल घेऊन येत. पन्ह्यासाठी कैऱ्या झाल्या, नर्मदेच्या रेतीतली खरबुजं झाली, काकड्या झाल्या. तीन ठिकाणी भांडण झालं, एका ठिकाणी चार पावलं निघून जाणंही झालं. आणि मग चिंचेखाली त्यांना ती बैलगाडी दिसली. गवतात पिकवलेले, शेंदरी झाक आलेले रसाचे आंबे. वास असा, की इंदूने डोळेच मिटले.

गाडीवाला जवळच्याच पाटण गावचा. शालिग्राम त्याचं नाव. पांढऱ्या मिशा, डोक्याला गमछा, बोलणं थोडकं.

“मीठे हैं?” अंजनीबाईंनी दम दिल्यासारखं विचारलं.

“पिछले साल मीठे थे।”

“इस साल का बोलो।”

“पेड़ वही है, बाई।”

“तुमने खाया नहीं?”

शालिग्रामने कानाला हात लावला. “अकती के पहले? पुरखों को चढ़ाए बिना कैसे खाएँ?”

विकणाऱ्यालाही नेम, घेणाऱ्यालाही नेम, आणि आंबा गोड की आंबट ते आंब्यालाच ठाऊक.

“आता काहून उभी आहेस? घे नाहीतर चल,” इंदू म्हणाली. “ऊन चढून राहिलं.”

“चाखणारा पाहिजे,” अंजनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाजारावर नजर फिरवली.

कांद्याचं पोतं पाठीवर घेऊन एक मद्रासी शिपाई चालला होता. पलटणीचा स्वयंपाकी असावा, बोटांना हळद होती. अंजनीबाई त्याला आडव्या गेल्या. विनंती करायची होती, पण विनंतीची हिंदी त्यांच्याकडे नव्हती.

“फौजी भैया, रुको। ये आम खाओ। अभी खाओ।”

जपानला न भिणारा तो गडी पोतं खाली ठेवून मुकाट्याने आंबा चोखू लागला. दोघी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बसल्या. चेहरा कोरा. भुवई हलेना, ओठ मुडपेना. कोय टाकली, दुसरा उचलला. मग तिसरा.

“याला चव सांगायला बोलावलं होतं, की जेवायला?” इंदू कुजबुजली.

तिसऱ्या कोयीनंतर शिपायाने हात पुसले, गाडीभर दोन्ही हात पसरले आणि शालिग्रामला म्हणाला, “पूरा गाड़ी। मेस।”

शालिग्रामच्या मिशीत हसू आलं. सगळा माल एका हाती गेला, तर दिवस मावळायच्या आत पाटण गाठता येणार होतं. तो बैल जुंपायला उठला. आंबे गोड होते, आणि ते निघाले होते.

अंजनीबाईंनी काय करावं? नऊवारीचा काष्टा सावरला, जुवावर पाय दिला आणि सरळ गाडीत चढून गवतावर मांडी ठोकली.

“पहले मेरे सौ आम उतरेंगे। फिर गाड़ी हिलेगी।”

माणसं जमली. इंदूने पदर तोंडावर घेतला. “ताई, उतर. लोक बघून राहिले.”

“बघू दे. तिकीट नाही लावलं.”

“फौज का काम है, बाई,” शालिग्राम अजिजीने म्हणाला. “उतर जाओ।”

अंजनीबाईंनी तोंड उघडलं. भांडायचे सगळे शब्द जिभेवर होते. पण या म्हाताऱ्यापुढे त्यातला एकही उपयोगाचा नाही, हे त्यांना कळलं. मग जे होतं ते त्यांनी सांगितलं. आवाजही उतरला.

“मेरे ससुर आने वाले हैं।”

“कहाँ से?”

अंजनीबाईंनी बोट वर केलं. आभाळाकडे.

शालिग्रामने वर बघितलं. “अकती को?”

“हाँ।”

“हमारे बाप भी उसी दिन आएँगे,” तो म्हणाला आणि बैलाचा कासरा सोडून टोपली ओढू लागला. त्या शिपायाला शब्द कितपत कळले कोण जाणे, पण ते बोट कळलं. तो वाकून हातभार लावू लागला आणि निवडून निवडून पिकले तेवढे टोपलीत घातले.

अकतीला पितरांचं पान झालं आणि मग पंगत बसली. मुलं बोलेनाशी झाली, तेव्हाच अंजनीबाईंना निम्मी पावती मिळाली. हेमलताने एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि वाटी खाली ठेवली.

“वहिनी, साखर कुठून आणली?”

“नाही आणली.”

“मला सांगून राहिली तू? काळ्या बाजारातून आणली असशील. मी कोणाला बोलणार आहे का?”

“जा, बघून ये.”

हेमलता खरंच उठली. स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं वाजली, फडताळाचं दार करकरलं. बाबाराव खाली मान घालून जेवत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. थोड्या वेळाने हेमलता साखरेचा डबा हातात घेऊन बाहेर आली, उलटा करून बघितला, बाजूला ठेवला. मग पाटावर बसून तिने वाटी पुढे केली.

“वाढ,” ती म्हणाली. “काठोकाठ.”