चावी नसलेलं घड्याळ

बाबांना विसरायला व्हायला लागलं, तेव्हा मी त्यांच्या मनगटावर स्मार्टवॉच बांधलं. ते कुठे आहेत, हे माझ्या मोबाइलवर एका निळ्या ठिपक्यात दिसायचं. बाबांना ते कधीच आवडलं नाही. "याला चावीच नाही गं," म्हणायचे आणि कडेला नसलेली चावी चिमटीत धरून फिरवत बसायचे.

घड्याळं हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. पूर्वी मनगटावरचं घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना. पुरुषांचं साखळीचं, खिशात. मग पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिसे चाचपायला फुरसत कुठली? त्यांनी पट्टा लावून ते हातावर चढवलं. परत आलेल्या सैनिकांच्या हातावर पाहून मग सगळ्यांनाच ते हवंसं झालं. एवढं सगळं बाबा न अडखळता सांगायचे. माझं नाव मात्र अधूनमधून त्यांना सापडायचं नाही.

त्या दुपारी कोपर स्टेशनजवळच्या घरी मी गच्चीत कपडे वाळत घालायला गेलेले. तासाभराने खाली आले तर दार सताड उघडं, बाबा नाहीत. ठिपका कल्याणच्या पुढे सरकत होता. खडवलीला थांबला तो थांबलाच. वर्तकनगरला राहणाऱ्या भावाला फोन केला. तो निघाला, पण त्याची वाट बघण्याइतका धीर माझ्यात नव्हता. रिक्षाने कल्याण गाठलं, तिथून कसाऱ्याची गाडी. खडवलीला नदी आहे, एवढंच डोक्यात घुमत होतं.

ठिपक्यामागे जात स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या एका बाईपाशी पोचले. घड्याळ तिच्या मनगटावर होतं.

मी तिचा हातच पकडला. "हे कुठून आलं? माझे बाबा कुठायत?"

ती घाबरली. "बाबांनीच दिलं गं. मी नको नको बोलली. ते बोलले, घाल, बाईच्या हातात शोभतं."

"गेले कुठे पण?"

"नदीकडं."

"आणि तू जाऊ दिलंस?" मी किंचाळले.

तिने भाजी तशीच टाकली आणि माझ्यापुढे पळत सुटली.

बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. हाका मारून घसा बसला, ते वळले नाहीत. आम्ही दोघींनी काखेत हात घालून त्यांना ओढून काठावर आणलं. ते कुडकुडत होते. माझ्याकडे बघून अदबीने म्हणाले, "ताई, माझ्या मुलीला कळवाल का? वाट बघत असेल ती."

"मीच आहे ना, बाबा!"

"नाही हो. ती शाळेत जाते."

त्या बाईने डोक्यावरचा पदर काढून त्यांचे केस पुसले. मला तेवढंही सुचलं नव्हतं.

आता मी दाराला आतून कुलूप घालते. बाबा दार बडवतात, जिन्यातून जाणाऱ्यांना ओरडून सांगतात, "मला इथे कोंडलंय, सोडवा कुणीतरी." शेजारी आता विचारतही नाहीत. मी दाराच्या अलीकडे, त्यांच्या पाठीशी उभी असते. हात लावला तर दचकतात, म्हणून लावत नाही.