सावलीकडची सीट

चिखलीच्या स्टँडवर मे महिन्यात दुपारी खामगावच्या गाडीत शिरलेला माणूस आधी सावलीची बाजू शोधतो, मग ओळखीचं माणूस. हल्ली तर हे मार्चपासूनच सुरू होतं.

त्या दिवशी माझ्यापुढे एक म्हातारी चढली. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, आणि ऊन लागू नये म्हणून कमरेला खोचलेला कांदा.

"भाऊ, डाक्टरनं डोया उन्हापासून जपाले सांगतला. ऊन कोणीकडून येईन?"

स्टँडमध्ये गाडी उलट्या तोंडाने उभी होती. रस्त्याला लागली की ऊन डावीकडून येतं, हे मला पाठ होतं. उजवीकडे एकच सीट रिकामी होती.

"डावीकडे बसा," मी म्हणालो आणि उजवीकडे टेकलो.

"मंग तुमी उन्हात बसता?" ती हळहळली आणि कमरेचा कांदा काढून तिने मला दिला.

गाडी गावाबाहेर वळली आणि ऊन तिच्या चष्म्यावर आलं. तिने पदर ओढला, पिशवी आडवी धरली, शेवटी डोळ्यावर तळहात धरला. उंद्री जवळ आल्यावर म्हणाली, "हवामान बदललं म्हणतात ते खरं हाय भाऊ. सूर्य बी बाजू बदलून राह्यला."

मी उठलो. "इकडे या तुम्ही."

"बसा. माहं गाव आलं. कांदा तेवढा वापस द्या."

घरी मी सांगितलं, की ऑपरेशन झालेल्या बाईला सावलीची सीट दिली. सुनेने पन्हं केलं आणि नातवंडांना म्हणाली, "आजोबांकडून शिका." ती अजूनही तेच म्हणते, म्हणून हे लिहावं लागलं.