वार पाहून राब पेटवावा

“सायेब, राबाला वार कंचा चांगला?” कोंडिबानं विचारलं. मला प्रश्नच कळला नाही. मी जंगल खात्यातला फॉरेस्टर, पंचांग सांगणारा जोशी नव्हे.

महायुद्धाच्या आधीचा उन्हाळा होता. वेल्ह्याकडची डोंगरातली गावं माझ्या राउंडात, म्हणजे फिरतीच्या हद्दीत होती. मुक्काम पडला की मी कोंडिबाच्या ओसरीवर पथारी टाकी. त्याची आई भागूबाई आत घोंगडीवर पडून असायची. पाय गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. “आला का रं जंगलाचा जावई?” असं ती आतूनच ओरडायची. मला ती म्हातारी फार आवडायची.

आता राब म्हणजे काय ते सांगतो. भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून उन्हाळ्यात जाळतात. तण मरतं, माती भाजते, रोप जोमानं येतं. ज्याचा राब असेल त्या दिवशी शेजारीपाजारी हिरव्या फांद्यांचे ढाळे घेऊन बांधावर उभे राहत. ठिणगी उडाली की झोडपून विझवत. कोंडिबाच्या राबाला एखादी शेजारीण भागूबाईपाशी येऊन बसे. घरं गवतानं शाकारलेली, त्यामुळे एवढी खबरदारी लागायचीच.

त्या वर्षी आमच्या कचेरीनं उन्हाळी सूचनांचं पत्रक काढलं. पाणी गाळून प्या, चूल विझवून बाहेर पडा, रानात पेटती विडी टाकू नका. सगळं शहाणपणाचं. शेवटची सूचना होती, ‘वारा पाहून राब पेटवावा.’ छापताना त्यातला एक काना गळाला. चावडीवर वाचलं गेलं ते ‘वार पाहून राब पेटवावा.’

सरकारनं वार पाहायला सांगितलाय म्हटल्यावर पाटलांनी गुरवाला विचारलं. गुरवानं सोमवार काढला. दवंडी पिटली गेली, सगळ्या गावाचा राब येत्या सोमवारी. कोंडिबाला फक्त माझ्याकडून खात्री हवी होती.

मी तसाच पाटलांकडे गेलो. “पाटील, ही छापण्यातली चूक आहे. वार नव्हे, वारा. सगळ्यांनी एकदम पेटवलं तर विझवायला उभं कोण राहणार?”

“त्ये आमाला बी कळतंय, सायेब. पर कागद सरकारचा हाय. मोडला तर उद्या तुमीच दंड लावनार. दुसरा शिक्क्याचा कागद आना, आत्ता दवंडी फिरवतो.”

खोटं काय होतं त्यात? दंड आम्हीच लावत होतो. मी डोंगर उतरून कचेरी गाठली.

साहेबांनी पत्रक पाहिलं आणि हसले. “अहो, एका कान्यानं काय आग लागते?”

“लागेल, साहेब. दोन ओळी हातानं लिहून शिक्का मारून द्या. मी घेऊन जातो.”

“छापील पत्रकाची दुरुस्ती छापीलच जाते. शुद्धिपत्रक टाकू छापायला. तोवर तुम्ही तोंडी समजवा.”

“तोंडी ऐकत नाहीत म्हणून तर आलो.”

“मग तुमचं वजन कमी पडतंय,” साहेब म्हणाले, आणि दुसरी फाइल ओढली.

पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. शेवटी रिकाम्या हातानं निघालो. निदान कोंडिबाला तरी थांबवू, एवढंच मनात होतं.

सोमवारी दुपारी खिंडीत पोचलो तर खाली सगळी खोरी धुरानं भरलेली. वारा सुटला होता. मी पळत उतरलो. जो तो आपापल्या राबापाशी ढाळा घेऊन झोडपत होता, दुसऱ्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. शेजारीणसुद्धा आपल्याच राबावर. कुणाच्या राबाची ठिणगी उडाली ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोंडिबाच्या घराचं गवत पेटलेलं मला दिसलं, तेव्हाच त्यालाही दिसलं.

“आय आत हाय! माजी आय!”

आम्ही दोघं धावलो. पोचेपर्यंत छप्पर बसलं होतं.

संध्याकाळी माणसं गोळा झाली. मी कोंडिबाशेजारी बसलो तेव्हा तो हळूच म्हणाला, “सायेब, वार तर पाळला व्हता की आमी.”

शुद्धिपत्रकं यथावकाश छापून झाली. गठ्ठा मोटारीनं डोंगराखालच्या कापूरहोळला उतरला आणि तिथल्या चहाच्या हॉटेलात बाकाखाली पडून राहिला. चूक पायी डोंगर चढते, दुरुस्तीला मात्र गाडी लागते, एवढं मी नोकरीत शिकलो.

साहेबांनी आगीचा रिपोर्ट मागवला. मी सगळं सविस्तर लिहिलं, पत्रकासकट. वर पाठवताना त्यांनी ते तीन शब्दांवर आणलं. नक्कल मी पाहिली. आगीचं कारण, वारा.

काना अगदी ठळक होता.