मिस्त्रींनी बघितलेलं घर

तिची बदली आमच्या रुग्णालयात झाली तेव्हा पाहुण्यांच्या खोलीची किल्ली मीच तिच्या हातात दिली. आस्थापना विभागात तेवीस वर्षं काढल्यामुळे नव्या माणसाला ओळखपत्र, किल्ली आणि सल्ला या तीन गोष्टी माझ्याकडूनच मिळायच्या. पहिल्या दोन मागितल्यावर, तिसरी न मागता.

ती डायलिसिसच्या मशीनवर काम करणारी तंत्रज्ञ. वय चाळिशीच्या आतबाहेर, बोलणं मोजकं, प्रत्येक कागद सही करण्याआधी दोनदा वाचणार. तिच्या मागे तिचे मिस्टर उभे होते. उंच, रुंद खांद्यांचे, हातात पांढरी काठी. काचबिंदू उशिरा कळला आणि बघता बघता तीन वर्षांत दोन्ही डोळे गेले होते. त्याआधी ते सुतारकाम करायचे. दारं, खिडक्या, जिने. त्यामुळे ती त्यांना चारचौघांत ‘मिस्त्री’ म्हणायची आणि आम्हीही तेच म्हणू लागलो.

“खोली पंधरा दिवसच मिळेल,” मी सांगितलं. “तोवर घर बघा. आणि जुन्या गोदामांमागच्या गल्लीत कितीही स्वस्त मिळालं तरी जाऊ नका. ती चोरांची आळी आहे.”

तिने वहीत लिहून घेतलं. मिस्त्रींनी मात्र विचारलं, “तुम्ही कधी गेला होतात का तिथे, ताई?”

मी गेले नव्हते. पण तसं सांगायला जीभ रेटेना, म्हणून म्हटलं, “सगळ्या गावाला माहीत आहे.”

तिच्या अडचणी सरळ होत्या. पगार एकच. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त परवडणार नव्हतं. पाळी सकाळी सहाला सुरू व्हायची, म्हणजे साडेपाचला एकटीने घराबाहेर पडायचं. आणि दिवसभर मिस्त्री घरी एकटे. जुन्या गावात ते शेवटची दोन वर्षं घराच्या उंबऱ्याबाहेर एकटे गेले नव्हते. एकदा उघड्या गटारात पाय जाऊन घोटा मोडला होता, तेव्हापासून तिनेच जाऊ दिलं नव्हतं. हे ती मला डबा खाताना सांगत होती. “ते काही बोलत नाहीत,” ती म्हणाली, “पण माणूस खुर्चीत बसून बसून खुर्चीसारखा होतो.”

पहिल्या आठवड्यात तिने पाळी संपल्यावर चार घरं पाहिली. प्रत्येक वेळी परत येऊन ती मिस्त्रींना सगळं सांगायची. खिडक्या किती, पाणी किती वेळ, शेजारी कोण. पाचव्या घराला निघाली तेव्हा ते म्हणाले, “अगं, घर तू बघतेस आणि राहणार मी. आता मला बघू दे.”

रविवारी आम्ही तिघं निघालो. मी सोबत गेले, कारण मी नसले तर या दोघांना कुणीतरी टोपी घालेल अशी माझी खात्री होती.

आधी मी त्यांना नव्या वसाहतीत नेलं. बारा मजली इमारती, रुंद रस्ता, दोन्हीकडे हिरवळ, फाटकावर पहारेकरी. भाडं ऐकून तिचा चेहरा पडला, तरी ती म्हणाली, “सुरक्षित असेल तर पोटाला चिमटा काढू.” मिस्त्री कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. त्यांनी आम्हाला लांब थांबायला सांगितलं होतं. कुणाच्या पावलांचा आवाज आला की औषधांचं दुकान कुठे आहे ते विचारायचं, एवढीच त्यांची परीक्षा. दहा मिनिटं तिथून कुणी पायी गेलंच नाही. गाड्या तेवढ्या जात होत्या. शेवटी पहारेकरी आला आणि बोट दाखवून म्हणाला, “ते काय, समोर.”

“समोर म्हणजे?” मिस्त्रींनी विचारलं.

“अहो, दिसत नाही का?” तो म्हणाला, आणि मग त्याची नजर काठीवर गेली.

दुसरी जागा स्टेशनजवळची. भाडं परवडण्यासारखं, खोल्या हवेशीर. पण मिस्त्रींनी प्रश्न विचारायच्या आत एका भल्या माणसाने त्यांचा दंड धरला आणि भर गर्दीतून त्यांना रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं. त्यांना पलीकडे जायचंच नव्हतं. परत आणायला आम्हाला पाच मिनिटं लागली. मिस्त्री हसत होते. “माणूस चांगला होता,” ते म्हणाले, “पण रोज असा चांगुलपणा झाला तर मी घरी कधी पोचायचो?”

दुपार उलटत आली होती. मला वाटलं आता ती दोघं थकतील आणि मी सुचवलेल्या माझ्याच भागाचा विचार करतील, जिथून रुग्णालयाला दोन बसगाड्या बदलाव्या लागत. पण मिस्त्री म्हणाले, “ती गोदामांमागची गल्ली इथून किती लांब?”

“अहो, ताई काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?” तिने विचारलं.

“ऐकलं. आता गल्लीचंही ऐकू.”

गल्ली अरुंद होती. एका बाजूला गोदामांची लांबलचक दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला एक-दोन मजली घरं. मी पर्स पोटाशी धरली. मिस्त्री भिंतीला हात लावून उभे राहिले. समोर एक इस्त्रीवाला दुकानाच्या ओट्यावर शर्टाला इस्त्री करत होता. मिस्त्रींनी आपला ठरलेला प्रश्न विचारला.

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. “भिंत डाव्या हाताला ठेवा,” तो म्हणाला. “साधारण चाळीस पावलं. वीसवर गटाराचं एक झाकण खचलंय, तिथे थोडं उजवीकडून या. भिंत संपली की एक पायरी उतरायची. मग दुकान उजवीकडे.” आणि मग मान उंच करून गल्लीत ओरडला, “पाहुणे येताहेत, सायकल बाजूला घ्या.”

मिस्त्री निघाले. वीस पावलांवर उजवीकडे झाले. पुढच्या दारातली एक बाई शेंगा सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली, “आता सरळ.” कुणी हात धरला नाही, कुणी अरेरे केलं नाही. ते दुकानापर्यंत गेले आणि परत आले, एकटे. दोन वर्षांत पहिल्यांदा. आमच्याजवळ आले तेव्हा त्यांची मान ताठ होती आणि ती दुसरीकडे तोंड करून ओढणीने चष्मा पुसत होती.

मी न राहवून इस्त्रीवाल्याला विचारलं, “तुम्हाला असं सांगायला कुणी शिकवलं?”

“शिकवायचं काय त्यात?” तो म्हणाला. “आमचे वडील, काका, सगळे या गोदामांत हमाल. डोक्यावर पोतं असलं की माणसाला पायाखालचं दिसत नाही. ज्याचे डोळे मोकळे त्याने सांगायचं, पायरी आहे, वळण आहे, थांब. गोदामं बंद पडली, पण तोंडाची सवय राहिली.”

त्याच गल्लीत एका घरावर भाड्याची पाटी होती. पण आमची तंत्रज्ञ काही घाई करणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती सरळ पोलीस चौकीत गेली आणि गल्लीबद्दल विचारलं. हवालदाराने जुनी वही चाळली. “वीस वर्षांपूर्वी गोदामांतून माल पळवायचे, तेव्हाचं नाव आहे ते,” तो म्हणाला. “गेल्या तीन वर्षांत दोन सायकली गेल्या आणि नळावरून एक भांडण झालं. नव्या वसाहतीची यादी वाचून दाखवू का? चहा मागवावा लागेल, लांब आहे.”

मंगळवारी तिने आणखी एक केलं. पहाटे साडेपाचला ती त्या गल्लीत जाऊन उभी राहिली. बघते तर चार-पाच बायका कामावर निघालेल्या. दोघी पाव भाजण्याच्या कारखान्यात जाणाऱ्या, एक आमच्याच रुग्णालयात झाडलोट करणारी. कुणी घाईने चालत नव्हतं, कुणी मागे वळून बघत नव्हतं. “ताई,” ती मला म्हणाली, “पहारेकऱ्यापेक्षा मला त्या बायकांच्या चालण्यावरून जास्त कळलं.” मी त्या दिवशी सल्ला दिला नाही.

घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या, भाडं पगाराच्या चौथ्या हिश्शापेक्षा थोडंसंच जास्त. खाली घरमालकीण राहायची, शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. त्यांनी मिस्त्रींची काठी पाहिली आणि नकार दिला. वाईट बोलल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या.

“जिना उघड्यावर आहे. तुम्ही दिवसभर एकटे. उद्या पडलात, गॅस उघडा राहिला, तर मी कुणाला तोंड दाखवू?”

ती काहीतरी बोलणार होती. मिस्त्रींनी तिच्या हाताला हात लावला. “बाई, घर देऊ नका,” ते म्हणाले. “फक्त जिना चढून उतरू द्या.”

मास्तरीणबाई मान हलवून बाजूला झाल्या. मिस्त्री वर गेले, खाली आले. मग पुन्हा अर्ध्यावर जाऊन पायरीवर बसले आणि हाताने लाकूड चाचपू लागले.

“तुमची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे,” ते म्हणाले. “नंतर कुणीतरी बदललेली. आणि कठड्याचा तिसरा खांब खालून सुटलाय. इथे डोळस माणूसही पडेल.”

मास्तरीणबाई वाकून त्या पायरीकडे बघू लागल्या. “त्याच पायरीला मी दोनदा ठेचकाळले,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, वय झालं.”

“वय नाही झालं. सुतार वाईट होता.”

त्या हसल्या. अशा हसल्या की शेजारची शेंगा सोलणारी बाई दारात आली. सामान येण्याआधी मिस्त्रींची हत्यारं आली. त्यांनी दोन दिवसांत पायरी बदलली आणि खांब बसवला. डोळे गेल्यापासून हत्यारांची पेटी त्यांनी उघडली नव्हती. बायको मात्र जिन्याखाली बसून प्रत्येक ठोक्याला अंगठा वाचतोय का ते बघत होती. पहिल्या दिवशी अंगठा एकदा हातोडीखाली सापडला. दुसऱ्या दिवशी नाही.

पुढे मिस्त्रींनी रुग्णालयाचा रस्ता पाठ करायला घेतला. सुट्टीच्या दिवशी ती बरोबर जायची. गल्ली, पावाच्या कारखान्याचा वास, मोठ्या रस्त्यावरचा पादचारी पूल, चढायला अडतीस पायऱ्या, उतरायला छत्तीस. महिनाभराने ती दहा पावलं मागून, गुपचूप चालू लागली. “अगं, तुझे बूट वाजतात,” ते म्हणायचे. मग ती पुलाच्या अलीकडेच थांबायला लागली. तिने मला सांगितलं, डायलिसिसच्या सुईपेक्षा हे अवघड होतं.

चार महिने झाले असतील. एका दुपारी मी कागद घेऊन डायलिसिस विभागात गेले होते. खुर्च्यांवर सहा रुग्ण, मशीनची संथ घरघर, ती एका आजोबांची नळी जोडत होती. दार ढकलून मिस्त्री आत आले. एका हातात काठी, खांद्यावर लाकडी चौरंगासारखं काहीतरी.

ती जागेवरून हलली नाही. हलताच येत नव्हतं, नळी हातात होती. फक्त विचारलं, “एकटे आलात?”

“मग काय, वरात आणायची होती?”

तिचं नळी जोडून होईपर्यंत मिस्त्री तसेच उभे राहिले. मग खांद्यावरचं खाली ठेवलं. ती घरी सांगायची की ठेंगण्या रुग्णांचे पाय खुर्चीवरून चार तास लोंबकळत राहतात आणि मुंग्या येतात. म्हणून त्यांनी पाय ठेवायला उतरत्या फळीचं बुटकं स्टूल केलं होतं. कडा गोल, कुठे कुसळ म्हणून नाही. आजोबांनी त्यावर पाय ठेवले, टाचा टेकवल्या आणि म्हणाले, “हे आधी कुणाला का सुचलं नाही?”

विभागप्रमुख डॉक्टर शेजारीच होते. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, बसून पाहिलं, आणि मला म्हणाले, “अशी अठरा हवीत. कागद तयार करा.”

तेवीस वर्षांत मी हजारो कागद केले, पण त्या दिवशी टंकताना माझी बोटं आनंदाने चुकत होती. पुरवठादाराचा पत्ता विचारला तेव्हा मिस्त्री खुर्चीत सरळ बसले. घर क्रमांक, मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून: “जुन्या गोदामांमागची गल्ली. नीट लिहा, ताई. लोकांना चुकीचं माहीत असतं.”

मी नीट लिहिलं.

ते निघाले तेव्हा मी म्हटलं, शिपायाला पुलापर्यंत सोबत देते. तिनेच नको म्हटलं. आम्ही दोघी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभ्या राहिलो. मिस्त्री फाटकातून बाहेर पडले, पुलाचा कठडा त्यांच्या हाताला पहिल्याच प्रयत्नात सापडला, आणि ते चढू लागले. वर पोचल्यावर ते मध्यावर थांबले. काठी काखेत धरली, दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि चेहरा उन्हाकडे करून निवांत उभे राहिले, कामावरून सुटलेला माणूस उभा राहतो तसे. खालून गाड्या जात होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.

“आता उतरायला अडतीस,” ती पुटपुटली, आणि हात धुवायला गेली.